चुन्याचा जास्तीचा हात

जगातली प्रत्येक गोष्ट पडण्याच्या बेतात आहे आणि केवळ आपण डोळ्यांत तेल घालून बघतोय म्हणून ती उभी राहिली आहे, अशी माझ्या थोरल्या जाऊबाईंची पक्की समजूत आहे. लग्नाआधी हैदराबादची ही मंडळी मला बघायला पुण्याला आली, तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते आणि या एकट्या आमच्या छताकडे. पोहे हातात तसेच धरून त्यांनी माझ्या वडिलांना विचारलं, "काका, वर पाण्याची टाकी कुठल्या बाजूला ठेवलीय हो?" वडिलांना वाटलं, हैदराबादकडे मुलीच्या घरचं पाणी तपासायची पद्धत असेल. आईला वाटलं, यांना कोपऱ्यातलं जळमट दिसलं. दुसऱ्या दिवशी तिनं शिडी लावून सगळं घर झाडून घेतलं. जाऊबाईंना दिसली होती ती तुळईजवळची केसाएवढी चीर. पुढे माझ्या प्रत्येक माहेरपणाच्या आधी त्या मला न चुकता तिची खुशाली विचारायच्या.

आमचं घर नारायणगुड्यात, तिसऱ्या मजल्यावर. होस्टेलवर गेलेला पुतण्या सोडला तर सासूबाई, भाऊजी, जाऊबाई, माझा नवरा आणि मी असे पाच जण जेवायला बसायचो ते हॉलच्या मधोमध, आणि आमच्या बरोबर डोक्यावर स्लॅबला एक बारीक रेघ होती. जाऊबाई पहिला घास घेण्याआधी त्या रेघेकडे बघायच्या. लोक चित्राहुती घालतात, तसं. हळदीकुंकवाला कुणाकडे गेल्या की कुंकू लावून घेताना मान वर करायची आयतीच सोय व्हायची, तिचा त्या पुरेपूर फायदा घ्यायच्या. एकदा एका लग्नात गच्चीवर जेवणाची पंगत होती, तर त्यांनी वराकडच्या सगळ्या वजनदार मंडळींना गोड बोलून कठड्यापासून उठवलं आणि भिंतीकडेला नेऊन बसवलं. पंखे तिकडे नव्हते. वराची आत्या अजून आमच्याशी बोलत नाही. हिमायतनगरच्या एका इराणी हॉटेलात मी त्यांना मोठ्या हौसेनं घेऊन गेले होते, तिथे त्यांनी गल्ल्यावरच्या म्हाताऱ्या मालकाला विचारलं, "चाचा, ये बीम कब का है?" तो शांतपणे म्हणाला, "अम्मा, चाय ठंडी हो री. बीम कहीं नै जा रा." जाऊबाईंनी मात्र चहा खांबाजवळच्या टेबलावर जाऊन प्यायला आणि मलाही तिथेच बसवलं. मी चिडले. मी तशी चटकन चिडते, आणि सॉफ्टवेअर तपासून त्यातल्या चुका काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा असल्यामुळे दुसऱ्या कुणी चुका काढायला लागलं की मला ते धंद्यावर पाय दिल्यासारखं वाटतं.

त्यांची दुसरी सवय म्हणजे कुठलंही काम संपलं की त्यावर आणखी एक हात फिरवायचा. कढई आतून घासून झाली की बाहेरून, बाहेरून झाली की कड्यांच्या आत दात घासायच्या ब्रशनं. लोणच्याची बरणी भरली की तिला पुसून, फडकं बांधून, त्या फडक्याला इस्त्री केलेली असायची. एकदा मी त्यांना माझ्या ऑफिसच्या पार्टीसाठी करंज्या करायला सांगितल्या, तर कडा कातून झाल्यावर त्या पुन्हा हातानं मुरडत बसल्या. पार्टी सुरू होऊन लोक घरी जायला निघाले तेव्हा आमच्या करंज्या पोचल्या. "एक हात अजून दिला की जीव शांत होतो बघ," असं त्या म्हणायच्या. त्यांचा जीव शांत व्हायचा, बाकीच्यांचा टांगणीला लागायचा. ही सवय पुढे काय प्रताप करणार आहे, हे तेव्हा आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.

या बाई शिकलेल्या सिव्हिल इंजिनियर होत्या हे मला लग्नानंतर बऱ्याच दिवसांनी कळलं. एम.टेक.ला प्रवेशही घेतला होता त्यांनी, फार पूर्वी. पहिलं वर्ष झालं आणि सासूबाईंचं मांडीचं हाड मोडलं, पाठोपाठ मुलगा झाला आणि ते शिक्षण तिथेच राहिलं. त्याबद्दल त्या कधी बोलत नसत. पण मुलगा होस्टेलवर गेला त्याच आठवड्यात त्यांनी कुणालाही न विचारता पुन्हा प्रवेश घेतला, पहिल्यापासून. कॉलेज शहराच्या दुसऱ्या टोकाला, कुकटपल्लीच्याही पलीकडे. वर्गातली मुलं त्यांना आधी आंटी म्हणायची, पहिल्या परीक्षेनंतर मॅडम म्हणायला लागली. घरात गॅसच्या ओट्यावर एका बाजूला कणकेची परात आणि दुसऱ्या बाजूला स्टीलच्या गणितांचं पुस्तक उघडं असायचं. मध्येच त्या लाटणं उचलून दोन टोकांना दोन वाट्यांवर ठेवायच्या, मधोमध बोटानं दाबायच्या आणि माझ्याकडे बघून म्हणायच्या, "खालची बाजू ताणायलीय बघ. वरची दाबायलीय. सगळं दुखणं खाली असतंय." लाटणं मला होतं तसंच दिसायचं, पण मी मान हलवायचे.

त्यांनी प्रबंधाला विषय घेतला तो पाडलेल्या इमारतींच्या ढिगाऱ्याचा. जुन्या काँक्रीटची खडी करून तिचे नवे बीम घातले तर ते किती वजन पेलतील, असा. हिमायतनगरात तेव्हा एकेक जुना बंगला पाडून अपार्टमेंट उठत होती, त्यामुळे कच्चा माल भरपूर. आमची सून ढिगाऱ्यात काय शोधते, म्हणून सासूबाईंना लाजेनं बाहेर तोंड दाखवायची चोरी झाली. ऑटोवाला गोणी उचलून ठेवता ठेवता विचारायचा, "क्या है अम्मा इसमें, सोना है क्या?" आणि जाऊबाई गंभीरपणे म्हणायच्या, "हौ, सोनाच है." मग ती गोणी आमच्या गच्चीवर यायची आणि त्या हातोडीनं एकेक ढेकूळ फोडत बसायच्या. खाली माझी पुण्याच्या साहेबांबरोबर ऑनलाइन मीटिंग चालू असायची. साहेबांनी एकदा काळजीनं विचारलं की तुमच्याकडे काही दंगल वगैरे चालू आहे का.

हसण्यावारी नेलं ते इथपर्यंतच. कारण वर्ष संपत आलं आणि घरातलं हसू हळूहळू आटलं. त्यांना आधीच एकदा मुदत वाढवून मिळाली होती, आता पुन्हा मिळणार नव्हती. या सत्रात प्रबंध दिला नाही तर नोंदणीच रद्द, म्हणजे एम.टेक. दुसऱ्यांदा अर्धवट. तिसऱ्यांदा कोण सुरू करतं? भाऊजी, जे एरवी पेपरमधून डोकं वर काढत नसत, ते न बोलता स्वतःचा चहा स्वतः करून घ्यायला लागले. यावरून काय ते समजावं. साध्या खडीचे बीम तपासून झाले होते, ते ठरल्याप्रमाणे नीट वागले. राहिले होते ढिगाऱ्याच्या खडीचे दोन. ते साच्यात घालून झाल्यावर पाण्याच्या टाकीत मुरत पडले, आणि ते मुरत होते तेवढे दिवस जाऊबाई जेवल्या की नाही हेही कुणाला विचारायची छाती झाली नाही. टाकीतून काढल्यावर बीमला चुना लावतात, म्हणजे वजन पडल्यावर पहिली चीर पांढऱ्यावर काळी उठून दिसते. तो लावून त्या घरी आल्या तेव्हा बऱ्याच दिवसांनी त्यांचा चेहरा जरा सैल दिसला. "काय सुंदर दिसायलेत ग दोघं," म्हणाल्या, "नवऱ्यामुलासारखे."

तपासणीच्या दिवशी वर्गातली मुलं नोकरीच्या मुलाखतींना गेलेली, म्हणून मोबाइलवर चित्रण करायला मला नेलं. प्रयोगशाळेत त्यांचे मार्गदर्शक सर होते. बारीक चणीचे, सारखे घड्याळाकडे बघणारे. बीमवर वजन टाकायचं मशीन फक्त त्याच दिवशी मोकळं होतं, दुसऱ्या दिवसापासून बाहेरच्या कुणाचं तरी काम लागलं होतं. क्रेननं पहिला बीम उचलून दोन आधारांवर ठेवला. खरोखर देखणा होता, सगळ्या बाजूंनी पांढराशुभ्र, कुठे डाग नाही. वरून वजन हळूहळू वाढायला लागलं. सर आकडे वाचत होते, जाऊबाई लिहीत होत्या, मी चित्रण करत होते. मोठ्या आकड्यांची वाट बघत आम्ही उभे होतो, आणि अर्ध्यावरही पोचलो नसू तोच खालून एक चीर निघाली. ती बघता बघता वर धावली, काहीतरी कडाडलं आणि बीम मधोमध खचला.

सरांनी चष्मा काढून पुसला. "मॅडम," ते म्हणाले. माणूस वाईट नव्हता. "मैंने पहले दिन बोला था. रबल इज रबल." म्हणजे ढिगारा तो शेवटी ढिगाराच. मग त्यांनी घड्याळ बघितलं आणि विभागप्रमुखांना फोन करायला बाहेर गेले. मी जाऊबाईंकडे बघायचं धाडस केलं. मला वाटलं रडतील. त्या एका पालथ्या घमेल्यावर बसल्या होत्या आणि छताकडे बघत होत्या. मला इतका राग आला, कुणाचा ते मला सांगता येणार नाही. मी म्हणाले, "वहिनी, आता तरी वर बघू नका हो."

त्यांनी खाली बघितलं, आणि खाली बघितलं ते बीमकडेच. उठून जवळ गेल्या, मोबाइलची बॅटरी लावून चिरेत डोकावल्या, आणि तशाच वाकून राहिल्या. मग मला हाक मारली. "इकडं ये. सळया दिसायल्यात का तुला? कशायत, जाड का बारीक?"

"बारीक आहेत."

"जाड खाली असायला पाहिजेत ग. दुखणं खाली असतंय म्हणून जाड खाली. बारीक वर." त्या सरळ उभ्या राहिल्या. "हा डोक्यावर उभा होता. आपण उलटा ठेवला ह्याला."

असं होतं, पण सहसा होत नाही, कारण बीमची वरची बाजू बघताच कळते. साच्यात ती उघडी असते, ओबडधोबड राहते, शिवाय तिच्यावर खुणेचा बाण काढलेला असतो. आमच्या जाऊबाईंनी ती बाजू थापीनं घोटून घोटून तळासारखी गुळगुळीत केली होती. चुना नीट बसावा म्हणून पॉलिशपेपरनं सगळीकडून घासली होती, त्यात बाण गेला. आणि बाकीचे लोक फक्त दोन बाजूंना चुना फासतात तिथे यांनी वरखालीसुद्धा लावून, वर आणखी एक हात दिला होता. जगातल्या कुठल्याही आळशी विद्यार्थ्याच्या हातून ही चूक झाली नसती.

सर परत आले. त्यांना चूक एका मिनिटात पटली, पण पटून उपयोग नव्हता. दुसरा बीम तसाच पांढराशुभ्र होता आणि आतली सळई शोधायचं यंत्र दुरुस्तीला गेलेलं. "फिफ्टी-फिफ्टी," सर म्हणाले. तो एकच उरला होता. बरोबर ठेवला तर प्रबंध, उलटा ठेवला तर काही नाही. मी मनातल्या मनात गणपतीला सांगून टाकलं की तू जे म्हणशील ते. जाऊबाईंनी बादली आणली. पदर खोचला आणि टेकूंवर ठेवलेल्या दुसऱ्या बीमचा चुना ओल्या फडक्यानं वरखाली पुसायला लागल्या. खसाखसा. मीही पुसायला लागले. चुना गेला, खालचं काँक्रीट दिसलं, दोन्ही अंगांनी सारखंच. सर म्हणाले, "कुछ नहीं दिख रहा, मॅडम. टाइम नहीं है."

"वाळू द्या सर," त्या म्हणाल्या. "पाय दिसतील."

मला वाटलं, गेलं यांचं डोकं. मग त्यांनी समजावलं की साच्यात सळया तळाला टेकू नयेत म्हणून त्यांच्याखाली सिमेंटचे छोटे ठोकळे ठेवतात. ते तिथेच राहतात, काँक्रीटमध्ये एकजीव झाल्यासारखे. पण त्यांची जात निराळी, त्यात खडी नसते. म्हणून भिजवून वाळवलं तर बाकीचं एका वेगानं वाळेल आणि ठोकळे दुसऱ्या. ज्या बाजूला ठोकळे, तो तळ. एवढं सांगून त्यांनी दोन्ही बाजू पाण्यानं भिजवल्या, पंखा फिरवून बीमकडे केला आणि आम्ही बीम वाळायची वाट बघत बसलो. ओलं काँक्रीट इतकं हळू वाळतं हे मला तोवर माहीत नव्हतं. सर येरझाऱ्या घालत होते. मला काही सुचेना, म्हणून इतक्या वर्षांत न विचारलेलं विचारलं. "वहिनी, तुम्ही जिथे तिथे छताकडे का बघता हो?"

त्यांनी बीमवरून नजर काढली नाही. "खाली माणसं बसलेली असतात ना ग," म्हणाल्या.

मला इराणी हॉटेलातलं ते खांबाजवळचं टेबल आठवलं, आणि तिथे त्यांनी मला आतल्या बाजूला, खांबाला अगदी चिकटून बसवलं होतं, तेही आठवलं.

पहिला डाग मला दिसला. एका बाजूला राखाडी होत चाललेल्या काँक्रीटवर एक छोटा काळपट चौकोन. मला भास वाटला. मग त्याच्या ओळीत दुसरा उमटला, आणि जाऊबाईंनी माझा दंड इतका घट्ट धरला की नंतर वळ राहिला. "हे बघ," त्या पुटपुटल्या, "पाय आले." सर खाली वाकले, चष्म्यातून बघितलं, चष्म्यावरून बघितलं आणि स्वतः क्रेनकडे धावले. हाही बीम तोपर्यंत उलटाच, तळ वर करून ठेवलेला होता.

त्याला फिरवून मशीनवर ठेवला. पुन्हा चुना लावायला वेळ नव्हता, त्यामुळे देखणेपणाची काही बात नव्हती, ओलसर आणि डागाळलेला दिसत होता बिचारा. वजन वाढायला लागलं. पहिला जिथे मोडला तो आकडा आला आणि गेला. सर आकडे मोठ्यांदा वाचता वाचता मध्येच तेलुगूत काहीतरी म्हणाले आणि पुढे सगळे आकडे तेलुगूतच वाचले. साध्या खडीच्या बीमच्या आकड्याजवळ पोचून तो शेवटी वाकला, सावकाश, नीट, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे. जाऊबाई त्याच्याजवळ गेल्या आणि त्याच्या अंगावरून हात फिरवला. मग त्या रडल्या.

सरांनी सुचवलं की पहिल्या बीमचा उल्लेखच करू नका, हाताळताना खराब झाला म्हणून सोडून द्या. सगळे असंच करतात. घरी आम्हीही हेच सांगितलं. भाऊजींनी तर पेपर खाली ठेवून सांगितलं. बाईंनी ऐकलं नाही. प्रबंधात त्यांनी एक वेगळं प्रकरणच लिहिलं, उलटा ठेवलेला बीम किती वजनाला आणि कसा मोडला, आणि ही चूक कुणाची, तर लिहिणाऱ्याची. मी त्यांच्याशी दोन दिवस भांडले. आयुष्यभराची मेहनत आणि शेवटी आपल्याच हातानं आपल्या अंगावर चिखल? त्या एवढंच म्हणायच्या, "झालंय ते झालंय ना ग. ह्याच्यावर चुना नाही लावायचा."

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते. मी दाराबाहेर बसले होते आणि दार जरा किलकिलं होतं. त्या गृहस्थांनी बाकी पानं उलटवली आणि बरोबर त्या प्रकरणावर बोट ठेवलं. आवाज कडक होता. ही शरमेची गोष्ट तुम्ही छापलीत कशाला, असं त्यांनी विचारलं. मग जाऊबाईंचा आवाज आला, मोडक्या इंग्रजीत आणि मध्येच हिंदीत, "सर, मेरे से हुआ तो साइट पे भी किसी से होगा. वहाँ नीचे लोग रहते. उल्टा रखे तो कितने में जाता, वो अब लिखा हुआ है." मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि परीक्षक म्हणाले, "ये चॅप्टर की एक कॉपी मुझे चाहिए."

पदवी मिळाली. त्यानंतर कुकटपल्लीच्या बाजूच्या एका कॉलेजात शिकवायची नोकरीही मिळाली, आणि रोजचं जाणंयेणं झेपेना म्हणून जाऊबाई आणि भाऊजी तिकडेच राहायला गेले. सासूबाईंना थोरलीच्या हातचंच लागतं, त्याही गेल्या. निघताना जाऊबाईंनी आमची गच्ची पांढरी करून दिली, जास्तीचा हात देऊन. फक्त कठड्याचा एक तुकडा मुद्दाम कोरा ठेवला आणि त्यावर मार्करनं वर जाणारा बाण काढला. माझा नवरा दर दिवाळीला म्हणतो, तेवढा तुकडा रंगवून टाकू, कसा दिसतो. मी म्हणते, राहू दे.

रविवारी त्यांचा फोन येतो. आमची विचारपूस नंतर, आधी हॉलमधल्या त्या रेघेची. मागच्या रविवारी आम्ही जेवायला बसलो होतो तेव्हाच आला. "स्लॅबची रेघ वाढली का ग?"

"नाही वाढली. आत्ताच बघितली." आणि मी खरंच बघितली होती, पहिल्या घासाआधी. कधीपासून बघायला लागले, ते माझं मलाच आठवत नाही.

"खाली कोण कोण बसलंय?"

"आम्ही दोघंच, वहिनी."

"मग फिकर नक्को करू," म्हणाल्या. "गच्चीवरच्या गोण्याही गेल्या. वजन कमी झालं."

"हो," मी म्हणाले. "फार कमी झालं." मग तिकडून त्यांनी फोन ठेवला नाही आणि इकडून मीही ठेवला नाही.